निवेदक आणि श्रोता : नळदुर्गच्या मुलखातला रेडिओ

नळदुर्गच्या मुलखात रेडिओ आला तो निजामी राजवटीत. हैदराबादचे खासगी नभोवाणी केंद्र निजाम सरकारने 1935 मध्ये ताब्यात घेतले आणि ‘दक्कन रेडिओ’ म्हणून त्याचा विस्तार केला. त्याची मुख्य भाषा उर्दू होती. तेलुगू, मराठी आणि कन्नड कार्यक्रमांच्या वाट्याला थोडाच वेळ येई. बोरी नदीकाठच्या मराठी शेतकऱ्याला या आवाजाचे कौतुक असेलही, पण त्यात त्याची बोली नव्हती आणि त्याने काही विचारावे अशी सोयही नव्हती. संच मोजक्या घरांत, विजेचा पत्ता नाही. रेडिओ म्हणजे सरकारने बोलायचे आणि रयतेने ऐकायचे, असा तो काळ होता.

त्या रेडिओची ताकद नळदुर्गने 1948 मध्ये अनुभवली. भारतीय फौजा 13 सप्टेंबरला सोलापूरकडून निघाल्या आणि हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईतील पहिली लढाई नळदुर्गच्या किल्ल्यापाशी झाली. बोरीवरचा पूल शाबूत हाती लागल्याने पुढची वाट मोकळी झाली. चार दिवसांनी, 17 सप्टेंबरला, निजामाच्या शरणागतीची बातमी हैदराबाद रेडिओवरूनच लोकांना कळली. केंद्र 1950 मध्ये भारत सरकारकडे गेले. नळदुर्गचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा मात्र 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला.

याचा एक परिणाम सहसा सांगितला जात नाही. मराठी ग्रामीण श्रोत्याला निवेदकाशी बोलते करणारा सर्वांत मोठा प्रयोग त्याच वर्षी पुण्यात झाला आणि राज्याची हद्द आड आल्याने नळदुर्गकर त्याच्या बाहेर राहिले. युनेस्कोच्या मदतीने फेब्रुवारी ते एप्रिल 1956 या काळात पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 गावांत शेतकरी श्रोता मंडळे स्थापन झाली. कल्पना कॅनडाची होती. मंडळात साधारण वीस माणसे असत. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे एकूण 20 कार्यक्रम आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून झाले.

प्रयोगाचे खरे मर्म कार्यक्रम संपल्यानंतर सुरू होई. रेडिओ बंद करून मंडळी ऐकलेल्या विषयावर बोलत, आपल्या गावात हे जमेल का याचा खल करत. चर्चेचा अहवाल आणि अडलेले प्रश्न निमंत्रक लिहून पुण्याला पाठवी. पुढच्या एखाद्या कार्यक्रमात त्या प्रश्नांची उत्तरे दिली जात. आपण विचारलेले रेडिओवर वाचले जाते, हा अनुभव गावाला नवा होता. निवेदकालाही तो नवाच होता, कारण आपले बोलणे कुठे पोहोचले आणि कुठे डोक्यावरून गेले हे त्याला प्रथमच कागदावर दिसू लागले. प्रयोगाची पाहणी टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरॅथ यांनी मंडळे असलेली आणि नसलेली गावे तपासली, तेव्हा मंडळांच्या गावांत माहितीची भर ठळकपणे जास्त आढळली. नुसता संच असलेल्या गावांपेक्षाही तिथली प्रगती सरस होती. पुढे 1959 पासून ही मंडळे देशभर सुरू झाली.

पुणे केंद्राला हे जमले त्यामागे तिथली माणसेही होती. व्यंकटेश माडगूळकर यांनी अनेक वर्षे तिथल्या ग्रामीण कार्यक्रम विभागात काम केले. माणदेशी बोली जाणणारा लेखक शेतकऱ्यांसाठी लिहितो तेव्हा व्याख्यानाचा सूर आपोआप गळून पडतो. याच केंद्राने 1955 मध्ये गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत असे वर्षभर दिले, आणि घरोघर लोक ठरल्या वेळी रेडिओभोवती जमू लागले.

मराठवाड्याला स्वतःचे आकाशवाणी केंद्र परभणीत 1968 मध्ये मिळाले. नळदुर्गला मात्र जवळचे केंद्र सोलापूरचे, सुमारे 45 किलोमीटरवर. एव्हाना ट्रान्झिस्टर आला होता. विजेशिवाय चालणारा हा संच शेताच्या बांधावर, हॉटेलच्या गल्ल्यावर आणि एसटी स्टँडवरही बोलू लागला. पोस्टात फी भरून रेडिओच्या परवान्याचे पुस्तक ठेवावे लागे, ती पद्धत 1980 च्या दशकात संपली.

या काळातला निवेदक आणि श्रोता यांच्यातला दुवा म्हणजे फर्माईशीचे पोस्टकार्ड. श्रोता गाण्याचे नाव, चित्रपट, मग स्वतःचे नाव, घरातल्यांची नावे, ‘आणि समस्त मित्रमंडळ’ असे सारे एका कार्डावर दाटीने लिहायचा, शेवटी मुक्काम पोस्ट नि तालुका. उद्घोषक ती नावे एकापाठोपाठ वाची. गाणे तर कुठेही ऐकायला मिळे. खरी ओढ आपले आणि आपल्या गावाचे नाव ऐकण्याची होती. त्यामुळे खेड्याचे नाव चुकीचे उच्चारले की पुढच्या टपालात तक्रार ठरलेली असे. स्थानिक नैमित्तिक उद्घोषकांचे मोल इथे कळते. आडगावांची नावे, सणवार, पेरणीची घाई कधी आणि सुगी कधी, हे त्यांना शिकवावे लागत नाही. सरकारी शिस्तीत उद्घोषकाला स्वतःविषयी बोलायची मुभा फारशी नव्हती, तरीही नुसत्या आवाजावरून माणसे त्याला ओळखत.

एफएम आल्यावर प्रक्षेपणाचा पल्ला आखडला आणि केंद्रे जिल्ह्याच्या मापाची झाली. धाराशिवलाही आकाशवाणीचे एफएम केंद्र झाले. शेतीचा ‘किसानवाणी’ कार्यक्रम 2004 मध्ये देशातल्या 96 एफएम केंद्रांवरून सुरू झाला. टपालाची जागा थेट दूरध्वनीने घेतली. आता शेतकरी तज्ज्ञाला त्याच क्षणी विचारू शकतो. निवेदकाने मात्र अडखळणाऱ्याला सावरायचे, प्रश्न नेमका करून घ्यायचा आणि तज्ज्ञाचे उत्तर सोप्या मराठीत पुन्हा सांगायचे. हे काम लिहिलेली संहिता वाचण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.

सामुदायिक रेडिओने निवेदक आणि श्रोता यांच्यातले अंतर आणखी कमी केले. स्वयंसेवी संस्थांना त्याची परवानगी 2006 च्या धोरणाने मिळाली. साताऱ्यातल्या म्हसवडला 2008 मध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ सुरू झाली. नळदुर्गवरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद रस्त्यानेच पूर्वेला गेले की तेलंगणात जहीराबादचा परिसर लागतो. तिथले ‘संघम रेडिओ’ हे तेलुगू केंद्रही 2008 चेच. ते दलित शेतकरी महिला चालवतात. बियाणे, पिके, औषधी वनस्पती, गाणी असे विषय त्या आपल्याच बोलीत मांडतात, आणि ध्वनिमुद्रण गावोगाव जाऊन स्वतः करतात. अशा केंद्राचे प्रक्षेपण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच पोहोचते, त्यामुळे निवेदिका सकाळी जिच्याशी रानात बोलते, तीच संध्याकाळी तिची श्रोता असते.