बागेचा खर्च कोणी सोसावा?

नगरपालिकेचे अंदाजपत्रक सभेपुढे आले म्हणजे पाणीपुरवठा, दिवाबत्ती, गटारे आणि झाडलोट या बाबींविषयी कोणी फारशी हरकत घेत नाही. परंतु बागबगीचे आणि क्रीडांगणे यांची बाब आली, की एखादा सभासद हटकून उभा राहतो आणि विचारतो, ‘माणसांना पाणी पुरत नाही, तेथे फुलझाडांवर पैसा कशाला?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कर देणाऱ्याच्या घामाचा पैसा खर्च होत असता असे विचारणे हे सभासदाचे कर्तव्यच होय. मात्र त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा इतिहासाने दिलेले बरे. आणि त्यासाठी श्रोत्यांना मी थोडा वेळ मुंबईस घेऊन जाणार आहे.

भायखळ्याची राणीची बाग आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. १९६९ पासून तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव आहे. ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. पण ती नगरपालिकेने केलेली नव्हे. ‘अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी’ नावाच्या एका खाजगी मंडळीने ती उभारली, आणि त्या मंडळीच्या कार्यात जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या धुरीणांचाही हात होता. तो काळ मोठ्या भरभराटीचा होता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यामुळे हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला होता, आणि मुंबईचे सावकार सढळ हाताने लोकोपयोगी कामांस देणग्या देत होते. १८६५ साली ते युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि शेअरांच्या वेडात भल्याभल्यांची दिवाळी निघाली. पुढे १८७३ साली ही सोसायटीही बंद पडली. बाग मात्र जागच्या जागी होती. झाडांना पाणी कोणी घालावे, आणि माळ्यांचा पगार कोणी द्यावा?

या वेळी मुंबईच्या नगरपालिकेची स्थिती काय होती, हे पाहण्यासारखे आहे. आर्थर क्रॉफर्ड हे १८६५ पासून म्युनिसिपल कमिशनर होते. त्यांनी शहर सुधारण्याचा धडाका लावला, पण खर्चाचा ताळमेळ राहिला नाही. १८७१ साली कर देणाऱ्या नागरिकांनी मोठी चळवळ केली. तरुण फिरोजशहा मेहता यांनी त्या वादात असे प्रतिपादन केले की, दोष एकट्या कमिशनराचा नसून, लोकांस जबाबदार नसलेल्या व्यवस्थेचा आहे. परिणामी १८७२ चा कायदा झाला. ६४ सभासदांच्या सभेत ३२ सभासद कर देणाऱ्यांनी निवडावे असे ठरले, आणि १८७३ साली ही नवी सभा अस्तित्वात आली. बाग पालिकेच्या ताब्यात आली ती याच वर्षी. उधळपट्टीविरुद्ध लोकांनी नुकतेच रान उठविले होते. अशा वेळी हा नवा बोजा कोणास नको वाटला असता तर नवल नव्हते. तथापि पालिकेने तो उचलला आणि पुढे बागेची जागा वाढविलीही. आज दीडशे वर्षांनंतरही गिरणगावातील मुलांच्या नातवंडांना ती बाग आहे, याचे श्रेय मूळच्या देणगीइतकेच त्या वार्षिक तरतुदीस आहे.

दुसरा धडा प्लेगाने दिला. १८९६ साली मांडवीच्या कोंदट वस्तीत प्लेग उद्भवला. दाट वस्ती, उजेडाचा आणि वाऱ्याचा अभाव यांचा रोगाशी निकट संबंध आहे, असे तेव्हाच्या कारभाऱ्यांस वाटू लागले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंगा भागाची आखणी करताना ट्रस्टने घरांबरोबरच मोकळ्या जागाही राखून ठेवल्या; माटुंग्याच्या पाच बागा त्यांपैकीच. १९२५ साली पालिकेने माहीम पार्क लोकांसाठी केले, आणि १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लाखांच्या सभा याच मैदानावर भरल्या. मैदान हे केवळ हवा खाण्याचे ठिकाण नव्हे. लोकांना लोक म्हणून एकत्र येण्याची ती जागा होय. एरवी ते रस्त्यावर आणि चौकातच जमतात. १९४२ च्या ९ सप्टेंबरला शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती नंदुरबारच्या रस्त्यावरच मिरवणूक घेऊन निघाले होते, आणि तेथेच गोळ्यांना बळी पडले, हे आपल्या जिल्ह्यास सांगावयास नको.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाने दिवाबत्ती आणि सफाई ही नगरपरिषदेची आवश्यक कर्तव्ये ठरविली; बागा आणि उद्याने मात्र तिच्या स्वेच्छेवर सोडली. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांचा बाराव्या परिशिष्टात स्पष्ट उल्लेख केला. पण उल्लेखाने तिजोरी भरत नाही. याहून कठीण गोष्ट १९६६ च्या नगररचना अधिनियमात आहे. विकास योजनेत एखादी खाजगी जमीन बागेसाठी आरक्षित केली, आणि दहा वर्षांत ती संपादन केली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावले न पडल्यास आरक्षण आपोआप रद्द होते. सबब नकाशावरचा हिरवा रंग ही बाग नव्हे. ज्या सभेने पैसा बाजूस काढला नाही, तिने ती जागा स्वतःच्या हाताने सोडून दिली असे समजावे.

‘पैसा नसेल तर जागा खाजगी संस्थांकडे सोपवावी’ असे कोणी सुचवितात. मुंबईने तेही करून पाहिले. उपनगरांतील काही भूखंडांवर क्लब उभे राहिले, आणि वर्गणी न देणारा माणूस फाटकाबाहेर राहिला. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे नवे धोरण संमत केले, तेव्हा नागरिकांनी असा विरोध केला की मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना ते स्थगित करावे लागले. ज्याच्या घरी अंगण आहे त्यास बागेची उणीव भासत नाही. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचे अंगण म्हणजे सार्वजनिक मैदान. आणि त्याच्या फाटकावर वर्गणी बसली की ते अंगण गेले.

नंदुरबार, शहादे, तळोदे आणि नवापूर या आपल्या चार नगरपरिषदांची ऐपत मुंबईसारखी नाही, हे मान्य. त्यांनी राणीची बाग करावी असे कोणीही म्हणणार नाही. पण शहरे वाढत आहेत, जमिनीचे भाव चढत आहेत, आणि तापीकाठचे वैशाखातले ऊन सावली मागते. आज जी जागा थोड्या पैशांत मिळेल, ती वीस वर्षांनी कितीही पैसे मोजून मिळणार नाही. पिण्याचे पाणी आधी, हे निर्विवाद. परंतु पाण्याच्या योजनेस उशीर झाला तरी ती पुढे करता येते. बांधून गेलेले मैदान पुन्हा मोकळे करता येत नाही. म्हणून अंदाजपत्रकाच्या वेळी श्रोत्यांनी आपल्या सभासदास दोन गोष्टी अवश्य विचाराव्या: आरक्षित जागांपैकी किती जागा प्रत्यक्ष ताब्यात आल्या, आणि ज्या आल्या त्यांच्या माळ्याच्या व पाण्याच्या खर्चाची या वर्षी तरतूद आहे काय?