जांभ्यावरचे शहर, मांजरेचे पाणी

बिदर शहर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. जांभा सच्छिद्र. पाऊस त्यात मुरतो, खालच्या काळ्या बेसाल्टला लागून अडतो आणि आडवा सरकू लागतो. पठाराच्या कडेला हा सांधा उघडा पडतो तिथे झरे फुटतात. नरसिंह झरा आणि नानक झरा ही बिदरची तीर्थस्थाने झऱ्यांच्याच नावाने ओळखली जातात. शहराच्या पाण्याचा इतिहास या सांध्यापासून सुरू होतो, आणि ते पाणी बिघडण्याचाही.

पंधराव्या शतकात अहमदशाह वली बहमनीने राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आणली. उंच पठारावरच्या एवढ्या वस्तीला पाणी पुरवायचे, तर इराणात रूढ असलेली करेजची युक्ती इथे फार चपखल बसली. जांभ्याच्या तळाशी मंद उताराचे भुयार खोदायचे आणि ठरावीक अंतरावर वरून उभे आड घ्यायचे. त्यांतून माती बाहेर निघे, हवा आत जाई आणि लोक पाणीही शेंदत. नौबादचे करेज सुमारे 3 किलोमीटर लांब आहे. शुक्लतीर्थ आणि जुन्या शहराखालची जमना मोरी ही आणखी दोन. मोट नाही, रहाट नाही; पाणी आपल्या उताराने वाहते. मात्र या रचनेची एक अट आहे. वरची जमीन स्वच्छ राहिली, तरच खालचे पाणी पिण्याजोगे राहते.

नळ आल्यावर ही अट विस्मरणात गेली. आडांत माती आणि कचरा पडत गेला, काहींवर बांधकामेही झाली. नळामुळे घराघरात पाणी वाढले, तसे सांडपाणीही वाढले, आणि ते शोषखड्ड्यांत व उघड्या गटारांत जाऊ लागले. जांभ्यात शोषखड्डा झटकन रिकामा होतो, म्हणून तो सोयीचा वाटतो. पण ज्या छिद्रांतून पावसाचे पाणी झऱ्यापर्यंत पोचते, त्याच वाटेने मैलापाणीही उतरते, आणि वाटेत ते पुरेसे गाळले जात नाही. शिवाय पठाराचा उतार एकाच दिशेचा नसतो. नाले वेगवेगळ्या कडांनी उतरतात, त्यामुळे सारे सांडपाणी एका ठिकाणी आणायचे तर जागोजागी पंप लागतात. इथल्या भुयारी गटारांचे काम सपाटीवरच्या गावापेक्षा अवघड आहे, ते यामुळे.

पठाराचे पाणी शेवटी मांजरेला मिळते. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगम पावणारी ही नदी बिदर जिल्ह्यातून तेलंगणात जाते. निजामाच्या काळात, 1923 ते 1931 या वर्षांत, तिच्यावर निजामसागर बांधला गेला, तेव्हा बिदर आणि ते धरण एकाच राज्यात होते. 1956 मध्ये बिदर म्हैसूर राज्यात गेले आणि नदीचा वरचा व खालचा भाग वेगवेगळ्या सरकारांकडे आला. पुढे सिंगूर धरणातून हैदराबादला पिण्याचे पाणी मिळू लागले. वरच्या गावाचे सांडपाणी खालच्या शहराच्या घागरीत जाऊ नये, ही जबाबदारी आता राज्याची सीमा ओलांडते. कलबुर्गी जिल्ह्यात भीमेचीही तीच गत आहे: पुण्याचे पाणी पोटात घेऊन येणारी ही नदी गाणगापूरच्या संगमावर मराठी दत्तभक्तांचे स्नानाचे तीर्थ होते.

1974 च्या जलप्रदूषण कायद्याने सांडपाणी तसेच नदीत सोडण्यास मनाई केली आणि राज्यांना प्रदूषण नियंत्रण मंडळे दिली. शुद्धीकरण केंद्रात आधी जाळीने कचरा अडतो, मग रेती खाली बसते. त्यानंतर हवा खेळवून वाढवलेले जिवाणू विरघळलेली घाण खातात. त्यांचा गाळ वेगळा काढून पाणी पुढे सोडतात. नदीत सोडायच्या पाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे उरलेली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत असावी, असे केंद्राच्या सर्वसाधारण मानकांत म्हटले होते. पंप बंद पडले किंवा घराचा नाला गटाराला जोडलाच नाही, तर उत्तम केंद्रही कोरडे उभे राहते.

दरम्यान करेजकडे पुन्हा लक्ष गेले. दख्खनच्या पठारावरील ऐतिहासिक जलव्यवस्थांना 2014 च्या जागतिक स्मारक निरीक्षण यादीत स्थान मिळाले, आणि त्याच सुमारास नौबादच्या भुयारातला गाळ उपसायला सुरुवात झाली. गाळ निघाला आणि आडांच्या तळाशी पाणी पुन्हा दिसू लागले.