खिडकीबाहेर लटकलेली बाटली

न्यूयॉर्कच्या इमारतींवरून फिरत कॅमेरा एका खिडकीपाशी येतो. खिडकीबाहेर दोरीला बांधलेली व्हिस्कीची बाटली लोंबकळतेय. आत डॉन बर्नम नावाचा लेखक गावाबाहेर जायला बॅग भरतोय, आणि भावाची नजर खिडकीकडे जाऊ नये एवढंच त्याच्या डोक्यात आहे. बिली वायल्डरचा 'द लॉस्ट वीकेंड' (१९४५) असा सुरू होतो. ज्यांच्या घरात पाण्याच्या टाकीमागे क्वार्टर सापडलेली आहे, त्यांना हा शॉट समजावून सांगावा लागत नाही.

मी हा सिनेमा फोनवर पाहिला, दोन रात्रींत. एका बैठकीत झेपला नाही.

आज खोटं वाटेल, पण सुरुवातीच्या चाचणी खेळाला प्रेक्षक चक्क हसले होते. त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. पडद्यावरचा दारुडा म्हणजे विदूषक, हीच त्यांची सवय. चॅप्लिनचा 'वन ए. एम.' (१९१६) म्हणजे झिंगलेल्या माणसाची घरात शिरून पलंगापर्यंत पोचायची धडपड, बस्स. 'द थिन मॅन'मधलं (१९३४) जोडपं पेल्यावर पेले रिचवतं आणि आणखीच देखणं दिसतं. त्यातून चाचणीच्या प्रतीला तात्पुरतं लावलेलं संगीतही उडत्या चालीचं होतं. मग मिक्लोश रोझानं थेरेमिन वापरलं. हात न लावता वाजणारं हे वाद्य कुणीतरी लांबून कण्हावं तसं ऐकू येतं. हसू थांबलं.

हा पेच आपल्यालाही नवा नाही. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आलं. त्यातल्या तळीरामाच्या आर्य मदिरामंडळाला प्रेक्षक खळखळून हसतात आणि त्याच नाटकात सुधाकर आणि सिंधूचा संसार डोळ्यांदेखत मातीला मिळतो. गडकऱ्यांनी हसू ठेवलं, वायल्डरनं काढून टाकलं. मला गडकऱ्यांचा मार्ग जास्त अवघड वाटतो, पण ते असो.

वायल्डरच्या सिनेमातला सगळ्यात जीवघेणा प्रसंग रस्त्यावरचा आहे. दारूला पैसे हवेत म्हणून डॉन टाइपरायटर गहाण टाकायला निघतो. लेखक टाइपरायटर विकायला काढतो, म्हणजे काय उरलं? थर्ड ॲव्हेन्यूवर एकामागून एक सावकारी दुकानं, आणि सगळ्यांना कुलूप. ज्यूंचा योम किप्पूर आहे, उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस. कॅमेरे लपवून, खऱ्या रस्त्यावर, खऱ्या गर्दीत हे चित्रीकरण केलं. रे मिलंड ते वजन हातात घेऊन फरफटत चालतो आणि आपले खांदे दुखायला लागतात.

सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, त्यांतलं एक मिलंडला.

शेवट मात्र गोड आहे. डॉन पेल्यात सिगारेट विझवतो आणि लिहायचं ठरवतो. चार्ल्स जॅक्सनच्या मूळ कादंबरीत (१९४४) असं काही नाही. तिथं तो पुन्हा पितो आणि झोपायला जातो. शिवाय कादंबरीतल्या डॉनला पोखरणारं समलैंगिकतेचं ओझं सिनेमानं गाळलं. त्या काळच्या सेन्सॉर नियमांत ते बसणारच नव्हतं.

जॅक्सन स्वतः १९३६ पासून दारूपासून लांब होता. कादंबरी त्यानं त्याच काळात लिहिली. नाव झालं, सिनेमा गाजला, आणि पुढं गोळ्या आणि दारू दोन्ही परत आली. १९६८ साली झोपेच्या गोळ्या जास्त घेतल्यानं तो न्यूयॉर्कमध्ये गेला.