तेल आणि दात

शिरोलीत गिअरबॉक्स पहिल्यांदा दिसतो तो रिकामा. कोल्हापुरातून पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याच्या दिशेला लागलं की थोड्याच वेळात एमआयडीसी सुरू होते. तिथल्या फौंड्रीत बिडाचं हाऊसिंग वाळूतून बाहेर येतं, तेव्हा त्याच्या पोटात कोअरची जळकी वाळू भरलेली असते. ती झाडायची, फेटलिंगला द्यायचं, मग मशिन शॉपला. तिथं एचएमसीवर, म्हणजे आडव्या मशिनिंग सेंटरवर, बेअरिंगचे बोअर होतात आणि खरी परीक्षा तिथंच असते. दोन शाफ्टचे बोअर एकमेकांना समांतर हवेत, मधलं अंतर शतांश मिलिमीटरच्या हिशेबात हवं. जरा इकडंतिकडं झालं की गिअरचे दात एका कडेला घासतात आणि गाडी रस्त्यावर गेल्यावर बोंब होते. इथल्या माणसाला गिअरबॉक्सबद्दल जे कळतं ते या बाजूनं, दातांच्या बाजूनं.

अशाच एका मेस्त्रीला एक पोरगा मोबाईलवर अमेरिकन स्पोर्ट्स कार दाखवत होता. "काका, दहा गिअरची ऑटोमॅटिक हाय बघा!" मेस्त्री हातातला बोअर गेज पुसत म्हणाले, "आपल्या ट्रॅक्टरला पुढं आठ, मागं दोन. झाले की दहा." पोराला हा हिशेब पटला नाही. मेस्त्रींचा मुद्दा मात्र सोडून देण्यासारखा नाही. गिअरची संख्या ही प्रगतीची मोजपट्टी मानायची असेल, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा इतिहास फार विचित्र दिसतो. तो चारापासून सुरू होतो, एकावर येतो, दोनावर रेंगाळतो, तिनावर स्थिरावतो, मग आठ-दहावर चढतो आणि आता पुन्हा दोनाकडे बघतोय. ही चढउतार कळायची तर किती गिअर हे विचारून भागत नाही. त्या गिअरबॉक्समध्ये तेल किती काम करतं आणि दात किती, हे बघावं लागतं.

तेलाची बाजू जहाजातून आली. हर्मान फ्योटिंगर हा जर्मन इंजिनिअर श्टेटिनच्या व्हल्कन जहाज कारखान्यात होता. वाफेची टर्बाइन भन्नाट वेगानं फिरते, तर पाण्यातला पंखा सावकाश फिरला तरच कामाचा. मध्ये वेग उतरवणारे गिअर हवेत. पण हजारो अश्वशक्ती झेलतील एवढे मोठे दात नेमके कापणं तेव्हा कुणाच्या आवाक्यात नव्हतं. फ्योटिंगरनं दातच काढून टाकले. 1905 मध्ये त्यानं पेटंट घेतलं ते द्रवातून शक्ती नेणाऱ्या यंत्राचं. इंजिनाला जोडलेलं चाक द्रव फेकतं, समोरचं चाक त्या माऱ्यानं फिरतं, आणि परतणारा द्रव योग्य दिशेनं वळवायला मध्ये तिसरं, न फिरणारं चाक. या तिसऱ्या चाकामुळं नुसता वेग उतरत नाही, पीळही, म्हणजे टॉर्कही, वाढतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर. म्हणजे ज्याला आपण आधुनिक आरामाचं साधन समजतो, ते जन्मलं दात कापता येत नव्हते म्हणून. पुढच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये पार्सन्सनं जहाजासाठी चांगले रिडक्शन गिअर करून दाखवले आणि जहाजांतून फ्योटिंगरचं यंत्र मागं पडलं. दात जिंकले. पुढं मोटारीतही हेच घडलं, पण त्याला कित्येक दशकं जावी लागली.

दातांची बाजू एका तळ्याकाठच्या गावातली. जर्मनीच्या दक्षिणेला बोडनझेच्या काठी फ्रीडरिश्सहाफेन आहे. काउंट झेपेलिनची हवाई जहाजं इथं बनत. त्यांच्या इंजिनांसाठी 1909 मध्ये मेबॅक पितापुत्रांची कंपनी निघाली आणि पुढं ती याच गावात आली. जहाजांचे पंखे फिरवायला हलके, अचूक, आवाज न करणारे गिअर हवे होते, म्हणून झुरिकच्या मॅक्स मागच्या दात कापण्याच्या तंत्रावर 1915 मध्ये दुसरी कंपनी निघाली. नाव साधं, 'दातेरी चाकांचा कारखाना', म्हणजे झानराडफाब्रिक. तीच आजची झेडएफ. महायुद्ध हरल्यावर हवाई जहाजांवर बंधनं आली आणि दोन्ही कंपन्या मोटारीकडे वळल्या.

कोल्हापूरकरांना यातलं एक भावंड चांगलं ओळखीचं आहे. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जी जुनी मेबॅक येते, ती याच फ्रीडरिश्सहाफेनची. राजाराम महाराजांच्या काळातली. लोक तिची लांबी बघतात, रंग बघतात, कुठल्या वर्षाची यावर वाद घालतात. पण त्या काळातल्या मेबॅकची जगात जी ख्याती होती ती गिअरबॉक्ससाठी. स्टिअरिंगवरच्या छोट्या दांड्या आधीच हव्या त्या गिअरवर सरकवायच्या, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, की इंजिनातली निर्वात ओढ गिअर बदलून देई. चालत्या गाडीत क्लच दाबायची गरज नाही. झेपेलिन मॉडेलला असे पाच गिअर होते. मेबॅकवाल्यांना मग दातांची चटकच लागली. त्यांचा दहा गिअरचा बॉक्स जर्मन लष्कराच्या पांझर-3 रणगाड्यात बसला. 1940 च्या सुमारास तो काढून त्याजागी झेडएफचा साधा सहा गिअरचा बसवावा लागला, कारण दहा गिअर सांभाळणं फौजेला जड गेलं. दहा हा आकडा तेव्हाच येऊन गेला होता. तो पेलायला लागणारा मेंदू मात्र अजून तयार झाला नव्हता.

अमेरिकेत जनरल मोटर्सनं हायड्रा-मॅटिक जाहीर केला 1939 मध्ये, 1940 च्या ओल्ड्समोबिलसाठी. ग्राहकाला वेगळे 57 डॉलर मोजावे लागत. मोठ्या संख्येनं विकला गेलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक, आणि त्याला चार गिअर होते. पीळ वाढवण्याचं काम दातांचं. तेलाकडे फक्त जोडणी, पीळ वाढवणारं तिसरं चाक त्यात नव्हतंच. युद्धात हाच बॉक्स एम-5 स्टुअर्ट रणगाड्यात गेला. पण बदलताना धक्का देई, आणि गिऱ्हाइकाला धक्का नको होता. म्हणून ब्युइकनं 1948 मध्ये डायनाफ्लो आणला. नेहमीच्या चालवण्यात एकच गिअर, बाकी सगळं कन्व्हर्टरवर. धक्का शून्य. पेट्रोल तेवढं तेल घुसळण्यात जाई. सिग्नल सुटला की इंजिन ओरडे आणि गाडी मागून यायची.

1950 चा शेव्हर्ले पॉवरग्लाइड याच घरातला. पहिली काही वर्षं तोही कन्व्हर्टरच्याच भरवशावर निघे. 1953 पासून तो पहिल्या गिअरवर उठून आपण होऊन दुसऱ्यावर जाऊ लागला. म्हणजे नुसतं तेल पुरत नाही हे शेव्हर्लेनंही कबूल केलं. 1962 पासून त्याचं बिडाचं हाऊसिंग जाऊन ॲल्युमिनियमचं आलं. शिरोलीच्या डोळ्यानं बघितलं तर हा बदल फार मोठा. हाताला लागणारं वजन एकदम उतरलं, आणि आजही शौकीन शोधतात ती हीच ॲल्युमिनियमची केस.

हा बॉक्स उघडून टेबलावर मांडला तर इतक्या कमी वस्तूंत काम कसं होतं याचंच नवल वाटतं. गिअर सेट एकच. मध्ये दोन सूर्यचाकं, भोवती लांब आणि आखूड ग्रहचाकं, बाहेर एक कडं. हा राविन्यो जातीचा सेट. एक सूर्यचाक पट्ट्यानं आवळून थांबवलं की पहिला गिअर, गुणोत्तर 1.76 किंवा 1.82. पट्टा सोडून क्लच धरला की सगळा सेट एकसंध फिरतो, तो दुसरा, सरळ एकास एक. कडं थांबवलं की रिव्हर्स. चकत्यांचे दोन गठ्ठे आणि एक पट्टा, एवढाच कारभार. कधी बदलायचं हे ठरवतो तेलाचा दाब. एका बाजूनं गव्हर्नर गाडीचा वेग सांगतो, दुसऱ्या बाजूनं ॲक्सिलरेटर पायाचा जोर सांगतो, आणि मधला व्हॉल्व्ह ज्याचा दाब जास्त त्याचं ऐकतो. विजेची एक तार त्यात लागत नाही.

बाजारात हा 1973 पर्यंत टिकला आणि मग गेला. ड्रॅग रेसवाल्यांनी मात्र त्याला सोडला नाही, आजही सोडलेला नाही. चारशे मीटरची धाव, हजारभर अश्वशक्तीचं इंजिन, आणि गिअर एकदाच बदलायचा. प्रत्येक बदलाला ओढीत खंड पडतो, टायरची पकड सुटण्याचा धोका वाढतो. वळसे घेत जायचंच नाही तर जास्त गिअर कशाला? त्यातून फिरवायला आतलं वजन कमी, म्हणजे चाकापर्यंत ताकद जास्त. मग कुणीतरी पहिला गिअर आणि रिव्हर्स एकाच वेळी धरण्याची युक्ती काढली. बॉक्स जागच्या जागी अडकतो, इंजिन कन्व्हर्टरच्या विरोधात फुगत जातं, बटण सोडलं की रिव्हर्स सुटतो आणि गाडी बंदुकीतून सुटल्यागत जाते. हा ट्रान्सब्रेक.

सर्किटवरच्या रेसिंगमध्येही कन्व्हर्टरनं एकदा धमाल केली. टेक्ससच्या जिम हॉलनं शॅपराल गाड्यांना शेव्हर्लेच्या मदतीनं कन्व्हर्टर बसवला. गिअर ड्रायव्हर स्वतः टाकी, पण क्लचचं पेडल गेलं होतं. मोकळ्या झालेल्या डाव्या पायाला 1966 च्या 2ई गाडीत हॉलनं नवं काम दिलं, मागचा उंच पंख तिरका-सपाट करण्याचं. त्याच वर्षी फिल हिल आणि यो बोनियर यांनी शॅपराल 2डी घेऊन नुर्बर्गरिंगची एक हजार किलोमीटरची शर्यत जिंकली. तेलाच्या भात्यातला हा सगळ्यात देखणा बाण, असं मला वाटतं.

मधल्या तीन गिअरच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट, जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक 400. दणकट, विश्वासू, कंटाळवाणे. हा 400 इतका भरवशाचा की रोल्स-रॉइसनं घेतला, जग्वारनं घेतला आणि 1976 मध्ये चक्क फेरारीनं 400 ऑटोमॅटिकमध्ये बसवला.

1973 मध्ये तेलाची टंचाई आली आणि बॉक्समधल्या तेलाचाही हिशेब सुरू झाला. कन्व्हर्टरमध्ये घसरण्यात जी शक्ती जाते ती नुसती उष्णता होते. ती वाचवायला कन्व्हर्टरच्या पोटात एक क्लच घालून दोन्ही बाजू घट्ट जोडायच्या. ही लॉक-अपची कल्पना पॅकार्डनं 1949 मध्येच वापरली होती, पण ती सर्रास झाली सत्तरीच्या अखेरीला. जोडणी घट्ट झाली की पीळ वाढवायला तेल उरत नाही, ते काम दातांकडे येतं. म्हणून गिअर वाढले. आधी चार, मग पाच, सहा. व्हॉल्व्हची जागा सोलेनॉइडनी घेतली, निर्णय कॉम्प्युटरकडे गेला. मेबॅकला 1940 मध्ये जो मेंदू मिळाला नाही तो आता मिळाला.

2009 मध्ये झेडएफचा 8एचपी बीएमडब्ल्यू 760 मध्ये आला. आठ गिअर, आणि त्यासाठी फक्त चार ग्रहसेट आणि पाच क्लच-ब्रेक. कुठल्याही गिअरला त्या पाचांपैकी दोनच मोकळे असतात, त्यामुळं घासून वाया जाणं कमी. कन्व्हर्टर गाडी उठेपर्यंत काम करतो आणि लगेच लॉक होतो. दोन क्लचच्या बॉक्सची, म्हणजे स्कोडामुळं आपल्याकडं माहीत झालेल्या डीएसजीची, दहा-पंधरा वर्षं फार चलती होती. पण बीएमडब्ल्यूनं एम-5 मधला सात गिअरचा डबल क्लच काढून 2017 च्या पिढीत पुन्हा कन्व्हर्टरवाला 8एचपी बसवला, आणि ती गाडी पहिल्यापेक्षा वेगवान निघाली. फ्रीडरिश्सहाफेनचा कारखाना शेवटी वरचढ ठरला.

फोर्ड आणि जनरल मोटर्सनं मिळून केलेला दहाचा बॉक्स, म्हणजे त्या पोराच्या मोबाईलवरचा, पहिल्याला 4.70 आणि दहाव्याला 0.64 देतो. पॉवरग्लाइडच्या 1.76 आणि 1 पुढं हे अंतर प्रचंड आहे. इंजिन नेहमी ताकदीच्या टप्प्यात राहतं. पण हलक्या पायानं चालवलं तर तोच बॉक्स मधले गिअर वगळून उड्या मारतो. आठच्या पुढं जे मिळतं ते बहुतेक कागदावरच्या मायलेजसाठी आणि जाहिरातीसाठी, असं माझं मत आहे.

आपल्याकडं सामान्य घरानं ऑटोमॅटिक पहिल्यांदा अनुभवला तो मोटारीत नाही, लूनावर. फिरोदियांच्या कायनेटिकनं 1972 मध्ये ती आणली. वेग वाढला की आपोआप धरणारा क्लच, गिअर शून्य. कोल्हापुरात मोहित्यांच्या ट्रॅकवर जी रोटॅक्स कार्ट धावते, तिच्यातही हेच तत्त्व आहे. 125 सीसी, एक गिअर, वेगानं धरणारा क्लच. शर्यतीच्या गाडीत ड्रायव्हिंग शिकायचं तर लक्ष गिअरकडे नको, धावेच्या रेषेकडे हवं, म्हणून ती तशी आहे.

2018 च्या डॉज डीमनमध्ये 840 अश्वशक्ती होती आणि झेडएफच्या घराण्यातला आठ गिअरचा बॉक्स. सुटताना पॉवरग्लाइडवाल्यांचा ट्रान्सब्रेक वापरायची सोय त्यात कंपनीनंच करून दिली, फक्त आता कुठले क्लच एकदम धरायचे हे कॉम्प्युटर ठरवतो. हायब्रिड गाड्यांच्या 8एचपीमध्ये कन्व्हर्टरच्या जागी विजेची मोटर बसते. फ्योटिंगरचं यंत्र तिथून पूर्णच गेलं. आणि 2019 मध्ये पोर्शनं टायकान ही विजेवरची गाडी काढली, तिच्या मागच्या ॲक्सलला ऑटोमॅटिक बॉक्स दिला. ग्रहचाकांचा. गिअर दोन. ते ऐकल्यावर शिरोलीतल्या मेस्त्रींनी एवढंच विचारलं, की त्याचं हाऊसिंग बिडाचं की ॲल्युमिनियमचं.