‘असता तर’ची कुळकथा

वऱ्हाडातल्या बार्शीटाकळीच्या शेतकरी घरात ‘पानी आलं असतं त पऱ्हाटी वाचली असती’ हे वाक्य सहज तोंडी येतं. त्याच घरातला विद्यार्थी त्याचं इंग्रजी करताना ‘इफ इट वुड हॅव रेन्ड’ लिहितो, पुढेही ‘वुड हॅव’च लिहितो आणि वहीवर तांबडी रेघ येते. अटीच्या वाक्यात ‘हॅड’ हवं, ‘वुड हॅव’ फक्त परिणामाच्या वाक्यात. या चुकीला आपण निष्काळजीपणा म्हणतो. माझ्या मते तिच्यामागे फार जुनं आणि शिस्तीचं व्याकरण आहे.

अट पुरी न झाल्यामुळे जी क्रिया घडलीच नाही, तिच्यासाठी पाणिनीने लृङ् सांगितला. त्याचं परंपरागत उदाहरणही पाऊस आणि सुकाळ यांचंच आहे, आणि त्यात दोन्ही वाक्यांना लृङ्च लागतो. प्राकृतात ही रूपं झडली. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात लृङ्च्या जागी ‘होन्तो’सारखी, ‘न्त’ने संपणारी धातुसाधितं नोंदली आहेत. बार्शीटाकळीच्या भवानी मंदिरातला शके १०९८चा लेख त्याच शतकातला. तो संस्कृतात कोरलेला, पण बोलीने लृङ् केव्हाच टाकला होता. त्या ‘न्त’चाच वंशज म्हणजे मराठीचा ‘ता’: ‘पाऊस पडता तर पीक वाचते’. हा आपल्या व्याकरणातला संकेतार्थ. वर्तमानकाळातला ‘पडतो’ आणि हा ‘पडता’ एकाच मुळाचे, पण कामं वेगळी. वऱ्हाडात मराठीशेजारी नांदणाऱ्या हिंदी-उर्दूत ‘बारिश होती तो फसल बचती’ म्हणतात, तिथेही तेच धातुसाधित आहे. पुढे हुकलेल्या भूतकाळासाठी एकटा ‘ता’ अपुरा पडू लागला, म्हणून ‘पडला असता’ आलं. त्यातला ‘असता’ म्हणजे ‘अस’ धातूचं तेच जुनं रूप. साधन दोनदा बदललं, पण अट आणि परिणाम यांना एकच रूप देण्याची रीत मोडली नाही. विद्यार्थी तीच रीत इंग्रजीत पाळतो.

यावर कुणी म्हणेल, जन्मापासून इंग्रजी बोलणारे अनेक अमेरिकनही बोलताना ‘इफ आय वुड हॅव नोन’ म्हणतात, मग यात मराठीचा काय संबंध? आक्षेप रास्त आहे. पण त्यातून एवढंच दिसतं, की दोन्हीकडे सारखं रूप ठेवण्याची ओढ इंग्रजीतही आहे. मराठी मुलाच्या बाबतीत त्या ओढीला घरच्या भाषेचं पाठबळ मिळतं. उलट ‘इफ इट विल रेन’ ही चूक मात्र घरातून आलेली नाही. घरी तर ‘पानी आलं त पेरू’ म्हणतात, म्हणजे पुढच्या पावसासाठी ‘आलं’ हे भूतकाळी रूप. ही दुसरी चूक ‘भविष्य म्हणजे विल’ या वर्गातल्या सूत्राने शिकवलेली आहे. दोन्ही चुकांना एकच तांबडी रेघ मारली, की हा फरक बुजतो.

आणि ज्या इंग्रजीच्या नियमाने आपण रेघ मारतो, तिचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? जुन्या इंग्रजीतही अशा वाक्यांच्या दोन्ही भागांत भूतकाळाचं एकच संशयार्थी रूप चालत असे. शेक्सपिअरच्या काळापर्यंत दोन्हीकडे ‘हॅड’ लिहिलेलं सापडतं. ‘वुड’ने परिणामाच्या वाक्यात कायमचं ठाण मांडलं ते नंतर. म्हणजे ही जोडी इंग्रजीने मोडली, मराठीने सांभाळली. वर्गात आधी हे सांगावं, आणि मग ‘हॅड’ कुठे लागतो ते.