बेटांच्या मधली जागा : मुंबईच्या अभ्यासाकडे येणाऱ्यांसाठी

मुंबईचा अभ्यास म्हटला की पहिल्याच पानावर सात बेटांचा नकाशा येतो. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. प्रत्येक बेटाला ठळक कड आणि भोवती एकसारखा निळा रंग. मग इंग्रज आले, त्यांनी भर घातली, बेटे जोडली गेली आणि शहर उभे राहिले, अशी गोष्ट सांगितली जाते. ती खोटी नाही, पण फार अपुरी आहे. नकाशातला तो निळा रंग वर्षानुवर्षे पाहून आपण असे धरून चाललो आहोत की बेटांच्या मध्ये नुसता समुद्र होता. प्रत्यक्षात तिथे भरतीला पाणी असे, ओहोटीला चिखल उघडा पडे. तिवरांची राने होती, खाजणे होती, मिठागरे होती, पावसाळ्यात काही ठिकाणी भातही पिके. या मधल्या जागेकडे लक्ष गेले, की मुंबईचा इतिहास, भूगोल आणि निसर्ग हे तीन वेगळे विषय उरत नाहीत. हे पुस्तक हातात घेणाऱ्या नव्या वाचकाला सर्वांत आधी हेच सांगावेसे वाटते.

सुरुवात वरळीपासून करू. वरळीची टेकडी बसाल्टची आहे. दख्खनचे पठार ज्या लाव्ह्याने बनले, त्याच लाव्ह्याचा हा पश्चिमेकडे कललेला काठ. पण दोन लाव्ह्यांच्या मध्ये, एक प्रवाह थंड होऊन दुसरा यायच्या आधी, इथे गोड्या पाण्याची तळी साचली होती. त्या तळ्यांतला गाळ काळसर थर होऊन टेकडीच्या पोटात राहिला आणि त्या थरात बेडकांचे सांगाडे सापडले. बेडूक इवलासा, पण पायांची हाडे, कवटी, कणा सगळे दगडावर उमटलेले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जिथे तळ्याकाठी बेडूक होते, तिथे आज समुद्राकडे तोंड केलेले मनोरे आहेत. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब पाहायला लोक जातात, आणि ते पाहण्यासारखे आहेतच. वरळीचा बेडूक मात्र मुंबईकराला सहसा माहीत नसतो. तो माहीत व्हावा असे मनापासून वाटते, कारण या शहरात गोड्या पाण्याची गोष्ट माणसाच्या कितीतरी आधी सुरू होते.

त्याच वरळीच्या दक्षिणेला, महालक्ष्मीपर्यंत, एक मोठे खिंडार होते. भरतीचे पाणी त्यातून आत शिरे आणि पार भायखळ्यापर्यंतचा सखल भाग भिजवून टाकी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात बांध घालून ते बुजवले गेले. बांध पुन्हापुन्हा ढासळत होता, मग एका पाठारे प्रभू स्थापत्यकाराला देवीचा दृष्टांत झाला, खाडीतून मूर्ती निघाल्या आणि त्यानंतरच काम टिकले, ही कथा महालक्ष्मीच्या देवळाशी जोडून आजही सांगतात. अभ्यासकाने ती बाजूला सारू नये. समुद्राची जागा घेताना इथल्या माणसाला देवाची परवानगी मागावीशी वाटली, एवढे तरी ती नक्की सांगते.

बांधाच्या आतली भिजकी जमीन हळूहळू सुकली, पण ती उंच झाली नाही. मुंबई बेटावर उत्तर-दक्षिण अशा दोन डोंगररांगा आहेत. पश्चिमेला मलबार हिल ते वरळी, पूर्वेला डोंगरी, माझगाव, परळ, शीव. मधला पट्टा परातीसारखा खोलगट. श्रीमंतांनी उंचावर, वाऱ्याच्या बाजूला बंगले बांधले. खोलगट भागाच्या वाट्याला कामाठीपुरा, भायखळा आले, चाळी आल्या, गिरण्या आल्या. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी स्थापन केलेली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढचे गिरणगाव बऱ्याच अंशी याच पट्ट्यात पसरले. आज पाऊस कोसळला की परळजवळच्या हिंदमाता परिसरात पाणी का तुंबते, याचे उत्तर नालेसफाईच्या कंत्राटात शोधले जाते. ते तिथेही आहे, पण त्याचे मूळ या परातीत आहे. गिरणगावावर मराठीत कथा-कवितांपासून कामगार चळवळीच्या इतिहासापर्यंत उदंड लिहिले गेले. त्या लेखनाच्या शेजारी उंचसखलपणाचा नकाशा ठेवून वाचण्याचे काम अजून पुष्कळसे बाकी आहे.

पाणी तुंबण्याचा हिशेब भरतीशिवाय मांडता येत नाही. कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तो तोंडपाठ असे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा सुमार लागतो. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. उधाणाच्या दिवसांत पाणी साडेचार मीटरच्याही वर चढते आणि शहराच्या नाल्यांची कित्येक तोंडे त्याखाली जातात. जुनी गटारव्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि समुद्राला ओहोटी, एवढेच गृहीत धरून आखलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला मोजला गेला ७३ मिलिमीटर. एकाच शहरात, एकाच दिवशी, एवढी तफावत. मुंबईचे सरासरी पर्जन्यमान सांगणाऱ्या वाक्याने नवशिक्याने समाधान मानू नये, ते यासाठीच. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, अपोलो बंदरावरच्या भरतीमापकाच्या नोंदी १८७८ पासूनच्या. इतक्या जुन्या आणि सलग नोंदी असलेली किनारी शहरे आशियात थोडीच. हा ठेवा इतिहासकारांनी हवामानशास्त्रज्ञांवर सोडून दिला आहे, याची खंत वाटते.

पूर्व किनाऱ्यानेही एक कोडे घालून ठेवले आहे. १८८० मध्ये सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम चालू असताना समुद्रपातळीच्या बऱ्याच खाली झाडांचे बुंधे लागले. कित्येक झाडे मुळांसकट, जिथे वाढली तिथेच उभी होती. लाकूड खैराचे. खैर हे कोरड्या जमिनीवरचे झाड. खाऱ्या पाण्यात ते वाढत नाही. म्हणजे कधीकाळी तिथे रान होते आणि पुढे एकतर जमीन खचली किंवा समुद्र चढला. उलट माहीमच्या बाजूला शिंपल्यांनी भरलेले दगडी थर आजच्या भरतीरेषेच्या वर सापडतात. किनारा ही न हलणारी रेषा आहे असे मानणाऱ्याने या दोन पुराव्यांपाशी जरा थांबावे.

आता कागदपत्रांविषयी. मुंबई बेट आणि त्याच्या उत्तरेची साष्टी यांचा राजकीय इतिहास एक नाही आणि दप्तरही एक नाही. १५३४ च्या तहाने वसई आणि आसपासची बेटे पोर्तुगीजांकडे गेली. मुंबई बेट काही काळ गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे खंडाने होते. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या त्याच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात मुंबईतल्या, वर्षातून दोनदा फळणाऱ्या आपल्या आंब्याचा उल्लेख आहे. १६६१ च्या विवाहतहात बेट इंग्लंडच्या राजाला मिळाले आणि १६६८ मध्ये त्याने ते वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिले. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली, पुढे मराठ्यांनी ती जिंकली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्यामुळे आजच्या कुलाब्याचा शोध इंग्रजी कागदांत घ्यावा लागतो, तर अंधेरी-बोरिवलीचा गोवा आणि लिस्बनच्या दप्तरांत आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या मोडी रुमालांत. मुंबईचा इतिहास फोर्टपासून सुरू करण्याची खोड लागली, तिचे एक कारण म्हणजे इंग्रजी कागद वाचायला सोपे. मोडी शिकलेला एक विद्यार्थी या क्षेत्रात दहा जणांचे काम करू शकतो.

त्याही मागे जायचे तर कान्हेरीची लेणी आहेत. तिथे गेल्यावर मूर्ती जरूर पाहा, पण पाण्याच्या पोढीही पाहा. जवळजवळ प्रत्येक लेण्याला कातळात खोदलेले टाके आणि पावसाचे पाणी त्यात आणणारे चर. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरावर राहणाऱ्या भिक्षूंनी पागोळीचे पाणी वर्षभर पुरवले. त्याच डोंगरांच्या कुशीत १८६० मध्ये विहारचा तलाव झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळाले. त्यासाठी अडवली गेली ती मिठी नदी. पुढे जिला आपण नाला म्हणू लागलो, तिचे वरचे पाणी शहराने आधी पिण्यासाठी घेतले होते.

मराठी वाचकाला या विषयात परके वाटायचे कारण नाही. गोविंद नारायण माडगावकर हे मूळचे गोव्याचे. त्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ मध्ये निघाले आणि शहरावरचा तो पहिला सविस्तर ग्रंथ मराठीत आहे. १८८९ मध्ये आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ आला. १९०९ चे इंग्रजी गॅझेटियर त्यानंतरचे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर वेगवेगळ्या काळात रचलेल्या भागांची असल्यामुळे काळजीपूर्वक वापरावी लागते, पण उत्तर कोकणातल्या वस्त्यांची आणि कुळांची जी माहिती तिच्यात आहे ती दुसरीकडे मिळत नाही. निसर्गाच्या बाजूलाही तसेच. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आठ जणांनी स्थापन केली. त्यांतले दोघे, आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन, मराठी डॉक्टर होते. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे बालविवाहाविरुद्ध लढलेल्या रखमाबाईंचे सावत्र वडील. समाजसुधारणा आणि वनस्पतींची टिपणे त्या पिढीला दोन टोकांची कामे वाटत नव्हती.

राष्ट्रीय उद्यानातले बिबटे, आरेच्या पाड्यांवरचे वारली आणि त्यांचा वाघोबा, ठाणे खाडीतले रोहित पक्षी यांवर पुढे स्वतंत्र प्रकरणे आहेत, म्हणून इथे लांबण लावत नाही. २०१५ मध्ये अभयारण्य झालेली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेलेली ठाणे खाडी हीसुद्धा बेटांच्या मधलीच जागा आहे, एवढे फक्त नोंदवतो.

कोळीवाड्यांविषयी मात्र इथेच बोलायला हवे. कोळ्यांना शहराचे मूळ रहिवासी म्हणून मान देण्याची पद्धत आहे. बहुतेक पुस्तकांत पहिल्या प्रकरणात त्यांचा गौरव होतो आणि दुसऱ्या प्रकरणापासून ते नाहीसे होतात. वलांडीवर बोंबील कसे वाळतात, डोल जाळे ओढीच्या तोंडाला कसे लावतात, कोणत्या खडकामागे कोणत्या महिन्यात काय लागते, हे ज्ञान आहे आणि ते आजचे आहे. सागरी किनारा मार्गाच्या बांधकामात वरळीच्या कोळ्यांनी होड्या सुखरूप जाव्यात म्हणून दोन खांबांमधले अंतर वाढवून मागितले. आराखड्यात ते साठ मीटर होते. दीर्घ आंदोलनानंतर एकशेवीस मीटर मान्य झाले. त्या पाण्याचा ओढा आणि वारा कोळ्यांना ठाऊक होता, आणि त्या ठाऊक असण्याला अखेर आराखड्यात जागा मिळाली. अशा ज्ञानाची नोंद मराठीत, त्यांच्याच शब्दांत व्हावी, ही या पुस्तकामागची एक मोठी इच्छा आहे.

करण्यासारखे खूप आहे. दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्या उद्यानाच्या डोंगरांतून निघतात. एक नदी घ्या आणि उगमापासून खाडीपर्यंत पायी चाला, काठच्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्यांशी बोला, जुने भूमापन नकाशे ताडून पाहा. बुजलेल्या एखाद्या तलावाचा माग काढा. एका खाजणाची मालकी शंभर वर्षांत कशी बदलत गेली ते महसुली कागदांतून उलगडा. चालायला सुरुवात कुठून करावी असे विचाराल, तर शीवच्या किल्ल्यावरून करा. कंपनीचे बेट आणि साष्टी यांच्या हद्दीवर सतराव्या शतकात तो बांधला गेला. वर चढून उत्तरेकडे तोंड केले की खाली मिठीच्या काठचा सखल प्रदेश पसरलेला दिसतो. सोबत जुना नकाशा असावा, आणि शक्यतो भरतीची वेळ बघून जावे.