बोटांवरचा हिशेब

बोटांवर नोटा मोजतो तो कारकून आणि माणसे मोजतो तो पुढारी! असा एक पुढारी मला चित्रांच्या पुस्तकात भेटला. स्कॉटलंडचा लॉर्ड लोव्हॅट.

युरोपातल्या बरोक काळात बड्या लोकांच्या तसबिरी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचा रिवाज होता. तसबीर म्हणजे भारदस्तपणा. पोट झाकायचे, पराक्रम दाखवायचा. तो काळ सरता सरता, १७४६ साली, विल्यम हॉगार्थने लोव्हॅटला कोरले, ते मात्र होता तसे.

लोव्हॅटसाहेब जमाखर्चात पक्के. १७४५ च्या बंडात मुलाला बंडखोरांकडे धाडले आणि स्वतः सरकारला निष्ठेची पत्रे लिहीत बसले. आम्ही बी. कॉम. वाले याला दुहेरी नोंद म्हणतो! बंड फसले, म्हातारा पकडला गेला. चित्रात तो ऐसपैस बसून बंडातली घराणी बोटांवर मोजतोय. हॉगार्थने ना शिंगे काढली, ना शेपूट. बोटे पुरली.

किंमत एक शिलिंग. हॉगार्थला म्हणे दिवसाला १२ पौंड सुटत. मी लगेच ताळा केला: २४० प्रती! ९ एप्रिल १७४७ ला लोव्हॅटचे मुंडके उडाले. लंडनला जे हसू शिलिंगात पडले, ते त्याला भलतेच महाग पडले.

मीही पोटभर हसलो. मग आठवले, मागच्या संपात सभेत हात वर केला तो मीच, आणि साहेबांच्या केबिनमध्ये "मी तुमचाच, साहेब" म्हणालो तोही मीच.

पुस्तक हळूच मिटले. बोटे मात्र अजून काहीतरी मोजतच होती.